कुशीत, पदराखाली, कडेवर

१९२८ साली अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचे बालसंगोपनावरचे पुस्तक आले. वर्तनवादाचा हा प्रणेता आईबापांना बजावत होता : मुलांना कवटाळू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका, अगदीच राहवले नाही तर रात्री निजताना कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी भेटल्यावर हात मिळवा. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात, गिरण्यांमधल्या बायकांना बाळंतपणात भत्ता मिळावा, असे विधेयक चर्चेला होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले आणि १९२९ मध्ये कायदा झाला. ज्या बायकांसाठी तो झाला त्यांची तान्ही मुले पाळी सुटेपर्यंत चाळीतल्या खोलीत निजून असत. ती निजून राहावीत म्हणून त्यांना अफूची ‘बाळगोळी’ दिली जाई. त्या दशकातल्या सरकारी पाहणीत ही गोष्ट नोंदलेली आहे.

बाळ आईपासून सुटण्याचे हे दोन रस्ते. एक तज्ज्ञाच्या शब्दाने, दुसरा पोटापायी. बाळाला जवळ घेऊन निजणे, अंगावर पाजणे आणि अंगाशी बांधून वागवणे या तीन गोष्टी मिळून आज ‘अटॅचमेंट पेरेंटिंग’ नावाची एक पद्धत झाली आहे. तिची पुस्तके आणि व्हिडिओ पुण्या-मुंबईच्या गरोदर मुलींपर्यंत केव्हाच पोचले आहेत. ही सगळी पद्धत पहिल्या रस्त्याला विरोध म्हणून उभी राहिली. दुसऱ्याबद्दल तिच्यापाशी सांगण्यासारखे फार थोडे आहे. तिच्या बाजूचा आणि विरोधातला पुरावा पाहताना हे एवढे ध्यानात असलेले बरे.

वॉटसन काही एकटा नव्हता. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ मध्येच प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका काढली होती. तिच्यात दूध घड्याळाच्या काट्यावर आणि रडणे हा तान्ह्या बाळाचा व्यायाम. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये सुरू केलेल्या प्लंकेट सोसायटीच्या परिचारिका चार-चार तासांनी पाजायला आणि रात्री न पाजायला शिकवत. हा नुसता कोरडेपणा होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळी बाटलीतल्या नासक्या दुधाने जुलाब होऊन मुले पटापट दगावत होती आणि वेळापत्रक, उकळलेले पाणी, मोकळी हवा ही शिस्त त्या भीतीतून आली होती. किंग स्वतः तर आईच्याच दुधाचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांनी आईने आपल्या समजुतीवर भरवसा ठेवावा असे सांगून हा फास थोडा सैल केला.

त्याच सुमारास युरोपात दुसरे महायुद्ध संपले होते आणि अनाथाश्रमांत, रुग्णालयांत आईवेगळी मुले भरली होती. खायला-प्यायला मिळूनही ती खंगत होती. जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना त्याचा अभ्यास करायला सांगितले; त्यांचा अहवाल १९५१ मध्ये निघाला. पाठोपाठ विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या : एक तारेची, जिच्यापाशी दुधाची बाटली होती, आणि एक मऊ कापडाची, जिच्यापाशी काहीच नव्हते. पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. (अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना लागणारी ही ऱ्हीसस माकडे त्या काळी मुख्यतः भारतातून जात, १९७८ मध्ये आपल्या सरकारने निर्यात बंद केली. मातृप्रेमाच्या विज्ञानाला आपलाही हातभार लागला आहे, तो असा.) बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या खेड्यांत आणि मग बाल्टिमोरमध्ये आई-बाळांच्या जोड्या घरी जाऊन, महिनोन्महिने पाहिल्या.

या कामाचे सार पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते. बाळाने काही खुणावले की ते आईच्या लक्षात येते का, तिला ते नीट उमगते का, आणि ती वेळेवर व साजेसे काही करते का, हे एन्सवर्थबाई पाहत होत्या. बाळ कुठे निजते, बाटलीने पिते की अंगावर, हा त्यांचा निकष नव्हता. बाटलीवर वाढलेल्या आणि वेगळ्या खाटल्यात निजणाऱ्या कितीतरी मुलांचे आईशी नाते त्यांना भक्कम आढळले. तीन गोष्टींची यादी पुढे दुसऱ्यांनी जोडली. १९७५ मध्ये जीन लीडलॉफ या अमेरिकन लेखिकेने व्हेनेझुएलाच्या जंगलातल्या येक्वाना लोकांवर पुस्तक लिहिले : तिथली बाळे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असतात आणि क्वचितच रडतात. विल्यम सिअर्स हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांची परिचारिका पत्नी मार्था यांनी हा धागा उचलला, बोल्बींच्या सिद्धान्ताचे नाव त्याला दिले आणि इंग्रजी बी अक्षराने सुरू होणारी सूत्रे बांधली. १९९३ मध्ये आलेले त्यांचे ‘द बेबी बुक’ घराघरांत गेले. २०१२ च्या मे महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर, खुर्चीवर उभ्या राहिलेल्या तीन वर्षांच्या मुलाला अंगावर पाजणारी आई छापली आणि तुझ्यात आईपण पुरेसे आहे का, अशा अर्थाचा सवाल वाचणारीला टाकला. पद्धत तोवर परीक्षा झाली होती.

तिन्ही गोष्टींचे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. आईच्या दुधाचे सर्वांत जड. ‘लॅन्सेट’ने २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून सांगितले, की स्तनपान जवळपास सार्वत्रिक झाले तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. त्यांतले बहुतेक जुलाबाने आणि न्यूमोनियाने होणारे, म्हणजे आपल्यासारख्या देशांतले. श्रीमंत देशांतले चित्र वेगळे आहे. बेलारूसमध्ये ३१ रुग्णालयांत आणि १७ हजारांवर आई-बाळांच्या जोड्यांवर झालेला ‘प्रोबिट’ हा या विषयातला सर्वांत मोठा प्रयोग. काही रुग्णालयांत स्तनपानाला खास मदत केली, काहींत नेहमीचेच चालू ठेवले. मदत मिळालेल्या बाजूला पहिल्या वर्षातले पोटाचे संसर्ग आणि त्वचेचा इसब कमी झाला. साडेसहाव्या वर्षी बुद्धिमत्तेच्या चाचणीत ती मुले थोडी पुढे होती. पण दमा आणि लठ्ठपणा यांत फरक दिसला नाही. हे दोन्ही दावे आजही आपल्याकडच्या शिबिरांत बिनदिक्कत ऐकवले जातात. खरे कारण इतके भक्कम असताना खोट्याची भर कशाला, हे मला कळत नाही.

भारताची अडचण आणखीच निराळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पहिले सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण ६३.७ टक्के निघाले, म्हणजे ठीकच. पण जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावलेली बाळे ४१.८ टक्केच, आणि त्याच पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली. बाळ डॉक्टर-नर्सच्या हातात जन्मते आणि तरीही पहिला तास निसटतो. सिझेरियननंतर आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्यावर, हे एक कारण. आजी मधाचे बोट घेऊन उभी असते, हे दुसरे. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते, हे अजून पुष्कळ घरांत पोचलेले नाही. आणि चीक. गाय व्यायली की चीक मिळवण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांत चढाओढ लागते, त्याचा खरवस वेलची घालून वाटला जातो. पण बाईचा पहिला पिवळा, घट्ट चीक जड, बाधणारा म्हणून पिळून टाकायचा, ही रीत आपल्याच घरांतली. जवळ घेण्याच्या परंपरेत हेही होते.

पुढे दोन-तीन आठवड्यांत ‘दूध पुरत नाहीये हिला’ हे वाक्य येते. बाळ जितके ओढेल तितके दूध बनते, रात्रीच्या पाजण्याने ते टिकते, हे शरीराचे गणित. वरचे दूध सुरू केले की मागणी घटते आणि दूध खरोखरच कमी होते. डबाबंद पावडरच्या कंपन्यांना हे वाक्य चांगले ठाऊक होते. त्यांच्या विक्रीविरुद्ध सत्तरच्या दशकात जगभर आरडाओरडा झाला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता केली, आणि भारताने १९९२ मध्ये जो कायदा केला तो जगातल्या कडक कायद्यांपैकी आहे : अशा पावडरची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही नाही. त्याआधी तीन वर्षे, १९८९ मध्ये, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. धारावीच्या सावलीतल्या या पालिका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळे बाटलीतून येणाऱ्या संसर्गाने जात होती. ज्यांना जास्त दूध होते त्या आयांनी ते इतरांच्या बाळांसाठी द्यायचे, एवढाच बेत.

एका अंथरुणात निजण्यावर मात्र तज्ज्ञच एकमेकांशी भांडतात. मराठी घरात हा प्रश्न म्हणून कुणी विचारलाच नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर आई, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेले बाळ, खाली सतरंजीवर आजी किंवा मावशी. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या माया आयांना १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांगण्यात आले, की अमेरिकेत बाळे वेगळ्या खोलीत निजतात. त्यांना धक्का बसला आणि त्या बाळांची कीव आली. रिचर्ड श्वेडर यांनी भुवनेश्वरमधल्या आणि शिकागोमधल्या कुटुंबांना, घरात खोल्या कमी असल्या तर कुणाला कुणाशेजारी निजवाल, असे कोडे घातले. ओडिशातल्या लोकांच्या उत्तरांत लहान मुलाने एकटे निजू नये हा नियम पक्का होता. शिकागोत नवरा-बायकोचा एकांत सगळ्यांच्या वर. दोन्हीकडच्यांना आपले उत्तर स्वयंसिद्ध वाटत होते.

पाश्चात्त्य डॉक्टरांची भीती पोकळ नाही. धडधाकट बाळ रात्री निजते आणि सकाळी मृत आढळते, अशा आकस्मिक मृत्यूंनी तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थैमान घातले होते. बाळाला पालथे निजवणे हे त्यातले मोठे कारण निघाले, आणि पालथे निजवा हा सल्लाही तज्ज्ञांचाच होता. स्पॉक यांच्या पुढच्या आवृत्त्यांतसुद्धा तो आहे. १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने ‘उताणे निजवा’ची मोहीम काढली आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. मग उरलेल्या मृत्यूंमध्ये आईबापांशेजारी निजणे डोळ्यांवर येऊ लागले.

२०१३ मध्ये रॉबर्ट कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी पाच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून मांडले, की आई धूम्रपान करत नसली, अंगावर पाजत असली, तरी तीन महिन्यांखालच्या बाळाला एका अंथरुणात पाचपट धोका आहे. पुढच्या वर्षी पीटर ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या दोन अभ्यासांवरून उलट सांगितले : सोफा, दारू आणि सिगारेट वगळली तर धोक्यात लक्षात घेण्याजोगी वाढ नाही. सोफ्यावर बाळासह झोप लागली तर मात्र धोका सुमारे १८ पट. हे ‘पट’ वाचताना मूळ आकडा डोळ्यांआड होतो. कार्पेंटर यांच्याच अंदाजाने, इतर कोणताही धोका नसलेल्या बाळांमध्ये वेगळ्या खाटल्यात निजणाऱ्यांत लाखाला ८ मृत्यू, आणि आईशेजारी निजणाऱ्यांत लाखाला २३. ज्या घरात ते एक बाळ असते तिथे हा आकडा छोटा नसतो हे खरे; पण धोरण ठरवताना तो सांगायला तर हवा.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०२२ चा सल्ला आहे : खोली एक, अंथरुणे दोन, निदान सहा महिने. स्तनपानाचे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या अकादमीने २०२० मध्ये उलट भूमिका घेतली, की पाजणारी आई रात्री बाळाशेजारीच झोपून जाणार हे गृहीत धरा आणि ते सुरक्षित कसे होईल ते शिकवा. नोत्र दाम विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत आई-बाळांच्या झोपेच्या नोंदी घेणारे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना हेच वर्षानुवर्षे सांगत आले. पाजणारी आई बाळाकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, बाळाभोवती अंगाचे कुंपण करते. दोघांची झोप हलकी राहते, दोघे एकमेकांच्या चाहुलीने चाळवतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत असे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी आढळले. तिथल्या आया बाळाला खोलीतच ठेवत होत्या, सिगारेट-दारूला शिवत नव्हत्या आणि सोफ्यावर बाळ घेऊन निजत नव्हत्या.

मला मॅकेना यांचे पटते. पण त्यावरून ‘आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या असेच निजतात’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निजत होते ते जमिनीवर, कापसाच्या दडस गादीवर किंवा गोधडीवर. आजचा फ्लॅटमधला पलंग, दहा इंच फोमची गादी, भिंतीकडेची फट, एसी आणि त्यामुळे ओढलेली जाड दुलई ही वेगळी जागा आहे. दुसरे, आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत. मिसरी लावतात, तंबाखू खातात. मुंबईतल्या १२१७ स्त्रियांवरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणी तंबाखू-मिसरी वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही वाढले. अशा हलक्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाच एका अंथरुणाचा धोका जास्त असतो.

रडू देऊन झोपेची सवय लावण्याच्या पद्धतींवर जवळ घेणाऱ्या पंथाचा सर्वांत जास्त राग आहे. त्याने मुलांच्या मेंदूला इजा होते असे सांगतात. ऑस्ट्रेलियात अशी शिकवण मिळालेल्या घरांतली मुले पाच वर्षांनी तपासली, २०१२ मध्ये निष्कर्ष आले : मुलांच्या मनावर, वागणुकीवर, आईशी नात्यावर ना दूरगामी वाईट परिणाम, ना चांगला. इथे दोन्ही बाजूंनी आवाज थोडा खाली आणायला हरकत नाही.

अंगाशी बांधून वागवण्याबद्दलचा पहिला प्रयोग मॉन्ट्रियलचा, १९८६ चा. उर्स हुंझिकर आणि रोनाल्ड बार यांनी काही आयांना, बाळ रडत नसतानाही रोज तीन तास जास्त उचलून घ्यायला सांगितले. सहाव्या आठवड्यात, म्हणजे रडण्याचा कळस असतो तेव्हा, ती बाळे ४३ टक्के कमी रडली. पुढे लंडनमध्ये तोच प्रयोग केला तर फरक पडला नाही. लंडन, कोपनहेगन आणि दिवसरात्र बाळ अंगाशी ठेवणारी कुटुंबे अशी तुलना झाली तेव्हा चित्र स्पष्ट झाले : हातांत कमी वेळ असलेली लंडनची बाळे बाकीच्यांपेक्षा एकूण दीडपट रडत, पण संध्याकाळी काही केल्या न थांबणारे, पोटशूळाचे म्हणतात तसे रडणे तिन्हीकडे सारखेच. कलहारीतल्या कुंग लोकांची बाळे सतत अंगाशी असतात, तासाला अनेकदा पितात. तीही त्याच वयात तितक्याच वेळा रडतात, फक्त थोडक्यात थांबतात. न थांबणाऱ्या रडण्याला आईचे काही चुकलेले कारण नसते, हा निष्कर्ष बाळंतिणीला कुणीतरी आवर्जून सांगावा. सगळ्या संशोधनातून तिच्या उपयोगाचे असे हेच एक वाक्य निघाले असते तरी मला पुरले असते.

न्यूयॉर्कमध्ये १९९० साली गरीब वस्तीतल्या आयांच्या एका गटाला बाळ अंगाशी बांधायची कापडी पिशवी दिली आणि दुसऱ्याला प्लास्टिकची बैठक. तेराव्या महिन्यात पहिल्या गटातल्या ८३ टक्के बाळांचे आईशी नाते एन्सवर्थ यांच्या चाचणीत भक्कम निघाले, दुसऱ्यात ३८ टक्के. जोड्या अवघ्या ४९, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. जपानच्या रिकेन संस्थेने मात्र साऱ्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट यंत्रांनी मोजून दाखवली : नुसते घेऊन बसल्याने नव्हे, घेऊन चालल्याने बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. २०२२ मध्ये त्यांनी पाककृतीच दिली. पाच मिनिटे चाला, झोप लागली की पाच ते आठ मिनिटे घेऊन बसा, मग खाली ठेवा. कडेवर घेताना बाळाचे पाय आपल्या कमरेला दोन्हीकडून फाकलेले असतात, ते खुब्याच्या सांध्याला चांगले. पाय सरळ ओढून घट्ट बांधून गुंडाळणे वाईट. पिशवी महागाची घ्या की जुनी साडी, बाळाचे नाक-तोंड उघडे आणि हनुवटी छातीपासून सुटी असली पाहिजे.

लीडलॉफ आणि सिअर्स यांच्या वाचकांनी दूरच्या आया पाहिल्या, आणि आयांभोवतीची माणसे त्यांच्या नजरेतून सुटली. काँगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत कोवळ्या बाळाला सरासरी चौदा माणसे घेतात आणि बाळाला दुसऱ्या बायकाही पाजतात. सारा हर्डी यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात यावरूनच मांडले, की माणसाचे मूल एकट्या आईने वाढवावे अशी आपली जात घडलेलीच नाही. भुवनेश्वरमध्ये साठच्या दशकापासून काम करणाऱ्या सुझन सीमोर यांनाही एकत्र कुटुंबात तेच दिसले : बाळ सतत कुणाच्या तरी अंगावर, पण ती कुणीतरी बहुधा आई नव्हे. तिला स्वयंपाकघर होते.

मराठी बाळंतपणाची रीतही हेच गृहीत धरून बांधलेली. पहिलटकरीण माहेरी येते, सव्वा महिना तिला काम लावायचे नाही. मालीश आणि न्हाऊ घालायला बाई येणार, टाळू भरणार, ओवा-शेपेची धुरी होणार. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू आईने वळलेले असणार. बाराव्या दिवशी पाळण्यात घालताना ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून इकडून तिकडे जाते, ती हातांचीच वाटणी. या घराला सोवळे करून दाखवायचे कारण नाही. धुरीने कोंदलेल्या बंद खोलीत बाळाची छाती भरे. बाळंतिणीला पाणी तोडत. आणि मुलगी झाली की जवळीक आटे. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को यांनी भारताच्या राष्ट्रीय पाहण्यांच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दाखवले, की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजले जाते. अंगावर पीत असलेले मूल असताना लवकर दिवस राहत नाहीत, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या घराला थांबायचे नसते.

आज हीच जवळीक दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, ठाण्यात किंवा न्यू जर्सीत, पद्धत बनून परत येते तेव्हा तिच्यासोबत ते हात येत नाहीत. सासर-माहेरच्या आज्या व्हिसाच्या मुदतीपुरत्या. नवरा लॅपटॉपवर. मग मागणीप्रमाणे पाजणे, रात्रभर बिलगून निजणे आणि दिवसभर बांधून वागवणे हे सगळे एका बाईच्या शरीरावर. फ्रेंच विचारवंत एलिझाबेथ बादिंतेर यांनी २०१० मध्ये या चळवळीवर, निसर्गाच्या नावाने बायकांना पुन्हा घरात कोंडण्याचा आरोप केला. त्यांचा सूर मला जास्त चढा वाटतो, दुधाच्या बाबतीत तर त्या सरळ अन्याय करतात. पण आरोपात तथ्य आहे. जवळ घेतलेली मुले पुढे जास्त स्वतंत्र होतात, या सिअर्स यांच्या आश्वासनालाही आधार कच्चा आहे. हायडी केलर यांच्या पथकाने कॅमेरूनमधल्या न्सो खेड्यांतली, अंगाशी वाढलेली मुले पाहिली, तर ती लवकर सांगितलेले ऐकू लागतात; ज्यांच्याशी तान्हेपणी समोरासमोर बोलले-खेळले जाते ती मुले आरशात स्वतःला लवकर ओळखतात. प्रत्येक समाज आपल्याला हवे तसे माणूस घडवत असतो.

नोव्हेंबर ते मार्च पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडात बीडची बाळंतीण उतरते. तिचे बाळ रात्री कोपीत तिच्या कुशीतच निजते, अंगावरच पिते, आणि पहाटे थंडीत कडेवर बसून किंवा जुन्या साडीच्या झोळीत फडावर जाते. तिन्ही सूत्रे पूर्ण. तिला कुणी त्या पद्धतीची आई म्हणत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि बाळ तापले म्हणून घरी राहिले की खाडा पडतो. बांधकामाच्या मजूरबायकांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत पहिले फिरते पाळणाघर काढले, कारण विटा-सिमेंटमध्ये खेळणारे तान्हे बाळ त्यांनी पाहिले. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले. फडावर, घरकामात, शेतमजुरीत असलेल्या बहुसंख्य बायकांना ही रजा लागू पडत नाही. एसटी स्थानकांवर आणि कचेऱ्यांत पाजायला आडोसा म्हणून ‘हिरकणी कक्ष’ झाले. २०२२ च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या तेव्हा त्याची बातमी झाली. रोज बाळ घेऊन कामाला जाणाऱ्या बायकांची होत नाही.

जवळ ठेवण्याचा सर्वांत निर्विवाद विजय ज्या ठिकाणी झाला तिथे तो पद्धत म्हणून आलाच नव्हता, नाइलाज म्हणून आला. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या रुग्णालयात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी पडू लागल्या, एका पेटीत दोन-दोन बाळे, संसर्गाने मृत्यू. डॉ. एदगार रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली आणि डॉ. एक्तोर मार्तीनेस त्यांना येऊन मिळाले. कांगारू मातृसेवा ती हीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून, ऊब, आईचे दूध आणि वेळेवर प्रतिजैविक यांच्या जोरावर घरच्या घरी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. तो निबंध १९९९ चा. मग २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतला प्रयोग प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलोंच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर छातीवर घेतले तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

त्या प्रयोगात बाळे दिवसाचे जवळजवळ सतरा तास कुणाच्या तरी छातीवर होती. एका ओल्या बाळंतिणीला हे झेपणारे नाही. त्यामुळे दिल्लीच्या सफदरजंगसह पाचही रुग्णालयांत अतिदक्षता विभागाच्या आत आयांचे पलंग टाकावे लागले, त्यांची औषधे-तपासणी तिथेच आणावी लागली, आणि आईच्या जोडीला घरातले आणखी कुणीतरी बाळ घ्यायला येऊ द्यावे लागले. एरवी या विभागाच्या दाराबाहेर चपला काढून आत डोकावण्यापुरतीच घरच्यांना मुभा असते. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी नव्या शिफारशी काढल्या. त्यांत छातीवर किती तास आणि दूध कोणते, यांच्याबरोबर कुटुंबाचा सहभाग आणि आईबापांना रजा हेही आले. आपल्या कायद्यात बाळ अपुऱ्या दिवसांचे झाल्यास आईला एक महिना जादा रजा १९६१ पासून आहे, पण ती नोकरीची नोंद असलेल्या आईला. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवसही नाही.